पडद्यावरचं शून्य

४ फेब्रुवारी

आम्ही बनवलेलं गॅस-अलार्मचं पॅनल आज वर्सोव्याला बसलं. बाबा कामाला आहेत त्याच बर्फाच्या कारखान्यात! सगळे खूश, मी सोडून.

अमोनियाचा सेन्सर आत, कॉम्प्रेसरच्या खोलीत. गॅस गळतोय की नाही ते तो दोन बारीक तारांवरून पॅनलला सांगणार. या तारा मोटरच्या जाड केबलपासून लांब न्यायच्या असतात, नाहीतर मोटर चालू झाली की त्यांचं बोलणं बिघडतं. हे मला झोपेतही माहीत. पण शनिवारी आमच्या वर्कशॉपच्या गाळ्यावर मालक हर्षद सर डोक्यावर उभे — "श्रुतिका, आटप ना, टेम्पो थांबलाय!" कोंबल्या सेन्सरच्या तारा आणि मोटरची केबल पॅनलमधल्या एकाच डक्टमध्ये, एकाच पन्हळीत. अक्कल गहाण ठेवली होती माझी!

५ फेब्रुवारी

संघमित्राला विचारलं. पॅनलचा प्रोग्रॅम तिचा. सेन्सरचं बोलणं तुटलं तर पडद्यावर काय दिसतं?

म्हणते, "शेवटचा आकडा तसाच राहतो गं. तुटल्याचा अलार्म टाकायचा राहिलाय. घाई होती ना यार."

म्हणजे गॅस नाही तरी शून्य, आणि सेन्सर मुका झाला तरी शून्यच! गाळ्यावर टेस्ट केली तेव्हा मोठी मोटर होतीच कुठे?

६ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "शून्य दिसतंय ना? मग झालं तर! उगाच गिऱ्हाईकाला घाबरवू नकोस."

असा राग आला!

७ फेब्रुवारी

जेवताना बाबांना म्हटलं, थोडे दिवस कामावर जाऊ नका. हसायला लागले. "गो, तुझो डबो नव्हतो तेव्हा आमी काय मेलव? वास इलो की पळाचा भायर!" आईपण हसली.

मी ताट उचलून उठले.

९ फेब्रुवारी

रविवार, तरी बाबांची ड्युटी. फोन उचलला नाही. परत केला — उचलला. "चाय पितंय गो!"

रडूच आलं.

१० फेब्रुवारी

संघमित्राने तो तुटल्याचा अलार्म टाकला. म्हणाली, "उद्या तिथे जाऊन खरं खरं बघू. सर ओरडले तर दोघींना ओरडतील."

भीती वाटतेय. पण न बघण्याची जास्त वाटतेय.

११ फेब्रुवारी

दुपारी गेलो. मोटर चालू. बाबा आत शिडीवर, हातात अमोनियाची छोटी बाटली, सेन्सरजवळ धरलेली. आम्ही बाहेर पॅनलसमोर. शून्य. शून्य. मेले मी! — आणि बारा! चाळीस! भोंगा असा कोकलला की बर्फ फोडणारे सगळे धावत बाहेर. मी संघमित्राला घट्ट मिठी मारली. मोटर चालू असूनही बोलतोय सेन्सर!

बाबा उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी. म्हटलं, लेकीचं कौतुक वाटलं असेल.

मोटर बंद करवून त्या तारा तरीही सोडवल्या. वेगळ्या डक्टमधून नेल्या. आता झोप लागेल.

१२ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "कालची बाटली जुनी होती काय गो? माका वासच नाय इलो."

नवीन होती. सील मीच फोडलं, तेव्हा नाकाला असं झोंबलं की मी मागे सरले होते. कधीपासून वास येत नाही त्यांना? विचारायची हिंमत झाली नाही.