झडतीच्या घरात जेवलात, बाबा

बाबा, सकाळपासून टीव्हीवर एकच चाललंय. कुठल्याशा देशातला सत्तेवरून हाकललेला राष्ट्राध्यक्ष लपून बसलाय आणि फौज त्याला गावोगाव शोधतेय. मी टीव्ही बंद केला, पण डोकं तुमच्यावर तापलंय ते तापलंयच.

तुम्हीही शांतिसेनेतून अशाच एका माणसाला पकडायला गेला होतात. घरोघर झडती चालू होती. एका घरात म्हातारीने तुमच्यापुढे उकडलेल्या कंदांची ताटली ठेवली. नको म्हणायचं, एवढं साधं काम. पण आपल्या बीबी गावात दारी आलेला न खाता जात नाही ना, म्हणून तुम्ही त्या परक्या देशात, पाठीला बंदूक अडकवून, मांडी घालून जेवायला बसलात. जेवता जेवता पोत्यांमागे चकचकीत बूट दिसले. असल्या घरात असले बूट कुणाचे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तुम्हालाही कळलं. हात धुतलेत आणि बाहेर येऊन साहेबांना सांगितलंत, घरात कुणी नाही.

बरं, तो शहाणा पळून तरी जाईल, तर तेही नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्याच पोत्यांमागे दुसऱ्या तुकडीला सापडला. तुमची चौकशी झाली, वर्दी गेली, पेन्शन गेली. आई चिखलीत लोकांचे ब्लाउज शिवत बसली. त्यावर ती एकदाच बोलली. तुम्ही पाटावर बसलेले, मी भाजी वाढतेय. तुम्ही म्हणता, "जिच्या हातचं खाल्लं, तिच्या घरात बंदूक घेऊन कसा घुसू व?" आई तव्यावरची भाकर उलटते. "अन् सरकारचं मीठ काय अळनी होतं का?" तुम्ही मान खाली घालून जेवत राहता. अजूनही वाटतं, खांदे धरून तुम्हाला गदागदा हलवावं.

आता तुमचा नातू, माझा पोरगा, शांतिसेनेतूनच टीव्हीवरच्या त्याच माणसाला शोधायला निघालाय. काल चिखलीच्या स्टँडवर त्याला तुमची सगळी कथा ऐकवली. बजावलं, झडतीला गेलास तर कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नकोस, तुझीही वर्दी जाईल. तो हसला. एसटीत चढता चढता म्हणाला, "अन् एखाद्या म्हातारीनं लय आग्रह केला तं?"

"मंग खाय बापा. नाई कसं म्हनशीन?"

हे मीच बोलले, बाबा. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.