चांदणीचे कान

बेंबळी, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

अक्षर बघ कसलं येतंय.

चांदणी घोडीला वरातीत नाचायला शिकवायचं म्हणून नानाकाकांनी आज तिला आखूड दोरीनं खुंट्याला बांधलं आणि शेजारी हलगी वाजवायला लावली. तालावर पाय उचलला नाही की नडगीवर चाबूक. रक्त आलं तरी चालूच. तिचे कान मागं, पार मानेला चिकटलेले. माझ्या घोड्यांच्या पुस्तकात या कानांवर आख्खं पान आहे. पुण्याला जाऊन घोडेस्वारी शिकवायची म्हणून वर्षभर तेच तर वाचतेय.

मी म्हणाले, "काका, तिचे कान बघा. लई भ्यालीय ती."

"पुस्तकानं घोडी नाचत न्हाय, बाई. भ्याली की नाचती." आणि परत मारलं.

पुढचं नीट आठवत नाही. चाबूक माझ्या हातात होता. काकांच्या पाठीवर मारला, मग दंडावर. ते खाली बसले तरी मी थांबले नाही. शर्ट फाटला, रक्त दिसलं. हलगीवाला पळाला. खरं लिहायचं तर बरं वाटत होतं. का वाटावं?

मग चाबूक फेकला आणि दोरी सोडायला गेले. पुस्तकात सांगितलंय तशी, बाजूनं, हात खाली ठेवून, हळू बोलत. रोज माझ्याच हातून गूळ खाते ती.

काका तिच्या पलीकडं कण्हत पडले होते. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. माझ्याकडं बघितलं, आणि कान मागं पाडले.