देव तुला वाढवो

३ नोव्हेंबर, रविवार

दारिओचा फोन. आडनाव बदलतोय! दिओताल्लेवी टाकून 'डेल' लावणार. दोन अक्षरं. पंधरा तारखेला कागदावर सही.

"आत्या, बेडफर्डमध्ये हे नाव म्हणजे शिक्षा आहे गं. दवाखान्यात पुकारणारी बाई माझ्या नावापाशी आली की थांबते, खाकरते आणि 'मिस्टर डी' म्हणते. बाळ घरात यायच्या आत उरकून टाकतो."

बाळ! ही बातमी पहिल्यांदाच कळली, तीही नावाच्या शेपटीला बांधून. हसू की रडू? माझा भाऊ सेत्तिमियो तिकडे इंग्लंडात गेला, तिकडेच मातीत गेला. आता हे नाव लावणारे आम्ही दोघंच — तिथे त्याचा मुलगा दारिओ, इथे इटलीत मी. माझ्यामागे कुणी नाही.

५ नोव्हेंबर

शाळा आठवत होती. सिस्टर क्लेमेन्त्सा हजेरीची वही आपटायच्या — "दिओताल्लेवी! परत बडबड? राहा उभी!" आम्ही गालातल्या गालात हसायचो.

आज बटाटे सोलता सोलता सुरी हातातच राहिली. दिओताल्लेवी म्हणजे आमच्या भाषेत 'देव तुला वाढवो.' रागावतानाही त्या हेच म्हणत होत्या! अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे, या गावात कुणाला ठाऊक नाही? पण रोजच्या वापराने शब्द झिजतो, ऐकूच येत नाही. पासष्ट वर्षं पोस्टमन, खाटीक, डॉक्टर आशीर्वाद देत आले आणि मी नुसतं "आले, आले" म्हणत राहिले.

दवाखान्यातली ती बाईसुद्धा अडखळते ती आशीर्वादावरच. तिला बिचारीला काय माहीत!

७ नोव्हेंबर

दारिओला हे सांगितलं. म्हणाला, "इंग्रजीत शोधलंय मी, आत्या. तिथे एवढंच लिहिलंय — टाकून दिलेल्या पोरांना देत ते आडनाव. असलं नाव मी बाळाच्या कपाळी मारू?"

खोटं तर नाही ते. माझ्या आजोबांना, पाचिफिकोंना, अनाथाश्रमाच्या भिंतीतल्या फिरत्या लाकडी पेटीत ठेवून कुणीतरी निघून गेलं होतं. घरात हा विषय कुणी काढत नसे.

११ नोव्हेंबर, सोमवार

नगरपालिकेच्या दप्तरखान्यात गेले. तिथे ओर्नेल्ला असते, माझी शाळेतली मैत्रीण. "इतकी वर्षं लाजलीस, आज बरी उगवलीस! चष्मा आणलायस की मीच वाचू?"

तिनेच वाचलं.

आजोबांची नोंद. फेब्रुवारी १८७२. मुलगा, दोन दिवसांचा. अंगावर ओळखीची खूण म्हणून फाडलेली अर्धी शाल. नाव-आडनाव अनाथाश्रमाच्या मदर सुपीरियरने ठेवलेलं. दूध पाजायला बाई — दोमेनिका, डोंगरावरच्या गावची. तिचं स्वतःचं मूल महिन्यापूर्वी गेलेलं.

मग थेट पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर. 'मुदत संपली. बाईने मूल परत आणून दिले. पगार चुकता.'

त्याच्याखाली दुसऱ्या शाईत — 'त्याच दिवशी, संध्याकाळी. बाई पुन्हा आली. मूल घेऊन गेली. पगाराविना.' आणि सहीच्या जागी फुली.

"लोरे, इथे बोट फिरव," ओर्नेल्ला म्हणाली. तिची थट्टा कुठल्या कुठे गेली होती. फुली इतकी दाबून काढलेली, की कागद फाटलाय!

डोंगरापर्यंत चार तासांची चाल. कुठल्या वळणावर पाय थांबले असतील तिचे? रिकाम्या हातांचं काय करावं हे कळेना झालं असेल का? मदरने पोर देवावर सोपवलं, आणि देवाने ते एका निरक्षर बाईच्या गळ्यात घातलं. की तीच आपण होऊन गळ्यात घेऊन गेली? मला कळत नाही.

१२ नोव्हेंबर

बोट अजून हुळहुळतंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दप्तरातून उतरवून आणलेलं सगळं दारिओला फोनवर वाचून दाखवलं. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे ही दोमेनिका — आपली रक्ताची कुणीच नव्हती?"

"कुणीच नाही, बाळा."

"आणि तरी तिने त्याला स्वतःचं आडनाव लावलं नाही?"

"नाही. होतं तेच राहू दिलं."

मग त्याने फोन ठेवला. त्याची सही उद्या.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दारिओने सही केली नाही! त्याच्या बायकोला, हॅनाला, दिवस गेलेलेच नाहीत. दत्तक घेतलेली नऊ महिन्यांची मुलगी आहे — कुणीतरी इस्पितळात सोडून गेलेली. आज दुपारी घरी आणली. "नाव माझ्या रक्ताचं आहे, तिच्यावर कशाला लादू, असं वाटत होतं मला, आत्या. आपलं आडनाव तू एकदा सावकाश म्हण ना. हॅनाला शिकायचंय."

मी म्हटलं. फोनपलीकडे कुणीतरी इवलासा हुंकार दिला.