मला काही कळत नाही, याचा दाखला

ब्रॅम्पटन (कॅनडा), १९ फेब्रुवारी

ती. सूर्यकांतदादांस चारुदत्तचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वीणावहिनींची शुगर? इकडे तुमची बहीण सुनेत्रा ठीक आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण जेवते वेळेवर. ड्राइव्हवे शोव्हल करून बूट काढेपर्यंत पुन्हा बर्फाने भरतो. (माझी पाठ गेली. असो.) अकरा वर्षांनी तुम्हाला पत्र लिहितोय, तेही कागदावर, यावरून काय ते ओळखा.

रिटायर झाल्यावर नाशिकला तुमच्याजवळ फ्लॅट घ्यायचा, हे ठरलंच होतं. त्यासाठी साठवलेले एक लाख चाळीस हजार डॉलर आमच्या जोडखात्यातून मी तीन वर्षांपूर्वी एका रीटमध्ये घातले. रीट म्हणजे हजारो लोकांनी मिळून मॉल आणि ऑफिसं विकत घ्यायची आणि भाडं वाटून खायचं. आमचं रीट शेअर बाजारात नव्हतं. निमिषने (आमच्या मराठी मंडळाचा खजिनदार, एका फर्मतर्फे कमिशनवर असल्या योजना विकतो) हाच त्याचा गुण म्हणून सांगितला: बाजार पडला तरी आपला भाव पडत नाही. कसा पडेल? भाव कंपनी स्वतःच लिहायची! पुढे ऑफिसं रिकामी झाली, कंपनीने पैसे परत देणं बंद केलं, आणि बाहेर घेणारं कुणी नाही. गेल्या वर्षी नवा भाव आला. डॉलरला तीस सेंट.

मग निमिषच्या फर्मवर दावा लावला, की म्हाताऱ्याची सगळी पुंजी एकाच ठिकाणी घालायला लावलीत. कोर्ट परवडत नाही म्हणून लवादापुढे. वकील सारिना, एटोबिकोची, घरचे मूळ अलिबागकडचे बेने इस्रायल; मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलते. तिने पैसे गुंतवताना भरलेला फॉर्म पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. दादा, तो फॉर्म भरला तेव्हा टेबलावर साबुदाण्याची खिचडी होती, समोर सुनेत्रा आणि शेजारी जावई, शंतनु. निमिषने विचारलं, गुंतवणुकीचं ज्ञान काय लिहू, काका? नाही, थोडं, चांगलं की उत्तम? आता तुम्हीच सांगा, जावयासमोर माणूस 'थोडं' म्हणेल का? 'उत्तम' म्हणालो. जोखीम किती झेपेल? 'भरपूर.' (वर लोणचं मागितलं.)

समोरचा वकील म्हणतो, हे गृहस्थ स्वतःच तज्ज्ञ आहेत. पुरावा म्हणून त्याने मंडळातलं माझं व्याख्यान दिलंय, 'एफडीच्या पलीकडे', सत्तेचाळीस मिनिटं, यूट्यूबवर. सहा वर्षांत एकतीस जणांनी उघडलं. शेवटपर्यंत पाहणारा तो एकटाच असावा. त्यात सहकारी बँकेला चिकटून राहिलेल्या एका मेहुण्याची मी टिंगल केली आहे. लोक हसले होते. दादा, माझं चुकलं.

सारिना म्हणाली, "काका, तुम्हाला यातलं काही कळत नाही हे सिद्ध करावं लागेल. साक्षीदार आहे कुणी?" मी बसून विचार केला. मुलांना वाटतं मला सगळं कळतं. ऑफिसलाही वाटायचं. चाळीस वर्षांत माझ्यावर अजिबात विश्वास न ठेवलेला माणूस एकच निघाला, तुम्ही. सुनेत्राने फ्लॅटच्या गॅलरीतल्या कुंड्यांसाठी कापून ठेवलेली चित्रं फ्रिजवरून काढून टाकली. ते मला सहन होत नाही. फार भीती वाटते, दादा.

आपला,
चारुदत्त

ता. क. १: काम एवढंच. मला पैशातलं ओ की ठो कळत नाही, असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून कुरिअरने पाठवा. सागवानाची झाडं, मग इमू पक्षी, जिथे जिथे मी पैसे बुडवले ते सगळं सालवार लिहा. नात्याची भीड धरू नका. सुनावणी बारा मार्चला आहे.

ता. क. २: सागवानात, तुम्ही नको म्हणत असताना, तुमचेही अकरा हजार मी घालायला लावले होते. तेही लिहा. निकाल लागला की देतो.

ता. क. ३ (सुनेत्राच्या अक्षरात): दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ते म्हणतात तसं लिही. फक्त त्या फॉर्मवर दोन रकाने होते. माझ्या रकान्यात काय लिहू असं निमिषने विचारलं, तर हेच म्हणाले, हिला काय कळतंय, 'नाही' लिही. सारिना म्हणते, त्या एका शब्दावर माझा अर्धा हिस्सा बहुतेक परत मिळेल. तेवढ्यात बसेल असं एका खोलीचं घर बघून ठेव. गॅलरी हवी. यांना अजून सांगितलेलं नाही. तुझं प्रतिज्ञापत्र आलं की आधी यांच्याकडून मोठ्याने वाचून घेईन, मग सांगेन.