तोंड माझं, कुऱ्हाडबी मीच नेते

भाऊ,

कालपासून तू कुऱ्हाडीला धार लावून राहिलास, ते मी पाहिलंय. ती मीच घेऊन चालले, माझ्यामागं येऊ नको. तोंड माझं भाजलंय, तुझं न्हाई. आईला सांग, तनुजा नायगावला आत्याकडं गेली. टोपल्यात भाकरी हाय, तिला जेवू घाल. आरशावरचा टॉवेल काढू नको.

लातूरच्या त्या लेझरवाल्याला मी जिवं मारणार न्हाई. पिंपलचे खड्डे भरतो म्हणून त्यानं मला ज्या खुर्चीत बसवलं, तिथंच कुऱ्हाडीच्या धाकानं त्याला बसवीन अन् तेच मशीन त्याच्या गालावर धरीन. मी किंचाळले तवा म्हणला होता, "थोडं चरचरतंच, ताई."

तो किंचाळला की मीबी तेच म्हणीन, मशीन न थांबवता.

तनुजा