एक्याण्णव टक्क्यांची केमिस्ट्री

३ जानेवारी, सकाळी ७
पाणीपुरवठ्याच्या आमच्या ऑफिसातलं स्टोअर जूनअखेर बंद होणार. काल नोटीस लागली. म्हणजे अठरा वर्षं स्टोअरकीपर असलेला मी घरी. रिकामी जागा एकच, प्रयोगशाळेत सहायकाची. पात्रता: केमिस्ट्रीची पदवी. माझं ऑनलाइन बीएस्सीचं हे शेवटचं वर्ष. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. (फॉर्म बायकोने भरला होता, पण सही माझी होती.)

९ जानेवारी
लेकही केमिस्ट्रीच शिकते, पण कॉलेजात जाऊन. दोन बस बदलायच्या, चार तास उभं राहायचं, अ‍ॅप्रनला भोकं पाडून घ्यायची. काल बोटं पिवळी करून आली. मी लेक्चर दीडपट वेगाने ऐकतो, म्हणजे तिच्या दीडपट शिकतो. हिशोब सरळ आहे.

२० जानेवारी
उद्यापासून पहाटे पाचला अभ्यास.

२१ जानेवारी, सकाळी ८.१०
उद्यापासून नक्की.

११ फेब्रुवारी
प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. घरबसल्या, माउसने. सहा प्रयोग, एकही काच फुटली नाही. लेकीने या महिन्यात तीन फोडल्या. म्हणाली, बाबा, सरांना विचारते, एखाद्या शनिवारी आमच्या लॅबमध्ये या, एकदा सगळं हातात धरून बघा. मी म्हटलं, आता या वयात मला भातुकली खेळायला लावतेस? गप्प बसली. आईवर गेली आहे. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२८ मार्च
एक्याण्णव टक्के! शाळेत मास्तर म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. आज हवे होते. बायकोने बिल्डिंगभर सांगितलं, नोकरीचंही सांगून टाकलं. मी अडवलं नाही.

१६ एप्रिल, दुपारी ४
मुलाखत. तोंडी प्रश्नांची उत्तरं फटाफट. मग साहेब म्हणाले, चला, या नमुन्यातलं क्लोरीन मोजून दाखवा. ब्युरेट म्हणजे खाली नळ असलेली काचेची लांब नळी. स्क्रीनवर एवढी लांब वाटली नव्हती. नळ सोडला. खालच्या फ्लास्कमधला निळा रंग फिका होत होत गेला. मी आकडा लिहायला वही काढली. वरून धार चालूच. साहेब ओरडले, अहो, नळ कोण बंद करणार? मी खरं ते सांगितलं: आमच्यात रंग गेला की तो आपोआप बंद होतो.
प्रयोगशाळेतल्या बाईंनी हसू लपवायला तोंड फिरवलं. साहेब हसले नाहीत. हळूच म्हणाले, हे पाणी लोक पितात हो.
चूक सॉफ्टवेअरची आहे. विद्यापीठाला कडक मेल टाकायचा.

१७ एप्रिल
मेल टाकला नाही. जेवताना लेकीला विचारलं, तुमच्यात तो नळ कोण बंद करतं? म्हणाली, डावा हात नळावरून काढायचाच नाही, शेवटी थेंब थेंब सोडायचं. मग माझ्याकडे बघत राहिली. का विचारताय, म्हणाली. मी म्हटलं, सहज. तिने माझ्या ताटात न विचारता भात वाढला.

३० एप्रिल
जागा दुसऱ्याला मिळाली. दोन वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये काम केलेला माणूस आहे म्हणे. घरी अजून बोललो नाही.
आजच पदवीचं सर्टिफिकेट आलं. बायकोने लगेच फ्रेम करून आणलं. दारातून येणाऱ्याला आधी हेच दिसलं पाहिजे, म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा पहिला वर्ग मिळाला, तोही कॉपी न करता, आणि मला त्याची लाज वाटते आहे.
तिला म्हटलं, आतल्या खोलीत लाव. तिने का ते विचारलं नाही.