बटाट्यांवरची तुळस

मंगळवार, ९ डिसेंबर

यमुनाकाकूंच्या मुलाचा, सलिलदादाचा, मुंबईहून फोन. काकूंनी स्पीकरवर ठेवला होता, मी समोरच नारळ खवत बसलेली. "आई, कुठली कोण मुलगी, गावोगाव भटकून आलेली. ही टिकायची नाही." काकू म्हणाल्या, "पंधरवडा झाला, अजून एक कप फोडला नाही तिनं."

शेवटी ठरलं — शनिवारी पुण्याचा ग्रुप काकूंच्या होमस्टेला राहायला येतोय. त्यांचं जेवण मी नीट काढलं तर राहायचं. नाहीतर रविवारची एसटी.

एसटी मला आवडते खरं तर. पण इथं पडवीत झोपायलाही आवडायला लागलंय. (मागची खोली सलिलदादाची, कायम कुलपात.) समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

ग्रुपचा मेसेज — सगळे शाकाहारी. तोंडी लावायला हर्ब घातलेले रोस्टेड बटाटे मिळतील का? वेगळे पैसे देऊ.

"हर्ब म्हणजे काय गो?"
"वासाचा पाला, काकू."
"मग तसं सांग की."

मनालीच्या कॅफेत भांडी घासायचे तेव्हा बघितलेत. बटाटे अर्धवट उकडायचे, पाणी काढून झाकण लावून टोप गदागदा हलवायचा. कडा खरखरीत झाल्या की तेल धरतात. पण इथं ओव्हन कुठला? काकू म्हणाल्या, काकडीची तवसाळी भाजतो तसं कर — बिडाचं भांडं, खाली निखारे, झाकणावर निखारे.

पहिले जळले. शेजारचे केरूमामा माडावर चढले होते, ते बघत बसले मी. दुसऱ्यांदा लसूण, मिरी, पानओवा. काकूंनी तीन खाल्ले, "मीठ कमी" म्हणाल्या आणि चौथा उचलला.

शनिवार, १३ डिसेंबर

घालवलं मी.

बटाटे झाले होते एकदम कुरकुरीत. वर काहीतरी हिरवं हवं म्हणून वृंदावनातली तुळशीची पानं ठेवली. कॅफेत असंच सजवायचे. घेऊन निघाले तर काकूंनी मनगट धरलं.

"तुळस कोणी ठेवली?"
"मी. शोभेला."
"अगो, तुळशीपत्र ठेवलं म्हणजे दिलं. मग ते आपलं राहत नाही. परत घेता येत नाही, विकता तर नाहीच. तुझ्या गावी, पोफळीला, आईनं शिकवलं नाही काय?"

शिकवलं असेल. मी घरात कधी असायचे?

ताट देवापुढे गेलं. मग पाहुण्यांना प्रसाद म्हणून वाढलं. त्यांनी पुन्हा पुन्हा मागितलं. वेगळे पैसे काढले तर काकूंनी हात मागे घेतले. केरूमामांकडेही वाटीभर गेले. तेवढ्यात सलिलदादाचा फोन — "पहिल्याच ग्रुपला फुकट वाटलंत?" काकूंनी फोन ठेवला. माझं पान मांडलं आणि उरलेले सगळे बटाटे माझ्या ताटात.

चांगले झाले होते. जेवताना डोळ्यांत पाणी आलं. इतक्या गावांत जेवले, पण माझ्यासाठी कोणी जेवायचं थांबलं नव्हतं कधी. काकू रोज थांबायच्या. एवढं मिळालं, पुष्कळ झालं.

बॅग भरून ठेवलीय.

रविवार, १४ डिसेंबर

उठले तर बॅगेवर मागच्या खोलीची किल्ली. किल्लीवर तुळशीचं पान.